बंद करंडी

निरोप पाखराच्या पायाला बांधून धाडायचे दिवस होते, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला कबुतरांचं वेड होतं. घर लहान असो की मोठं, छपरावर कबुतरांची ढाबळ असायचीच, आणि प्रत्येक ढाबळीवर निशाणाची एक उंच काठी. ताटात कमी पडलं तरी चालेल, पण काठीवरचं निशाण फडकलं पाहिजे, असं ते गाव.

दरवर्षी थंडीत तिथे नव्या पाखरांची शर्यत लागायची. त्याच वर्षी उडायला शिकलेली पिल्लं वेताच्या करंडीत घालून लांबच्या भैरोबाच्या माळावर न्यायची आणि तिथून सोडायची. ज्याचं पाखरू पहिलं घरी, त्याची ढाबळ पहिली. आदल्या संध्याकाळपासून पिल्लांना दाणा द्यायचा नाही अशी रीत होती, म्हणजे ती भुकेपोटी घराकडे धाव घेतात. आणखीही एक रीत होती. कुणाला धीर झाला नाही तर त्याने करंडी न उघडता परत यावं, बंदी नव्हती. फक्त ती बंद करंडी डोक्यावर घेऊन भर पेठेतून चालत यायचं आणि आपल्या ढाबळीची काठी वर्षभर उतरवून ठेवायची. म्हणायला ही सवलत होती. पण आजवर ती कुणी घेतली नव्हती, यावरून काय ते ओळखा.

त्या गावात हौसाक्का नावाची बाई राहायची. नवरा वारल्यावर सासऱ्याने ढाबळ तिच्या हाती दिली होती. बाईमाणसाला कबुतरांतलं काय कळणार, असं गाव म्हणालं. म्हातारा म्हणाला, "तिला कळतं, एवढं मला कळतं." पण मागच्या साली मान मुरडण्याचा रोग आला आणि जुनी, जाणती कबुतरं एकामागून एक गेली. राहिली ती या वर्षीची पिल्लं. ती होती म्हणून ढाबळ होती. म्हातारा आता खाटेला खिळला होता. अंगणात पडल्या पडल्या त्याला काठीवरचं निशाण तेवढं दिसायचं. शर्यतीच्या पहाटे त्याने सुनेचा हात धरला आणि म्हणाला, "काठी उतरू देऊ नको, हौसा. मी आहे तोवर तरी."

"नाही उतरू देत, मामंजी," असं बोलून ती करंडी घेऊन निघाली.

माळावर पोचेपर्यंत चांगलं उजाडलं होतं, पण ऊन कुठेच नव्हतं. माळ आणि गाव यांच्या मध्ये एक खोल खिंड होती. एरवी माळावरून पाहिलं की खिंडीपलीकडे गावच्या देवळाचा पांढरा कळस दिसायचा. आज कळस राहू द्या, खिंडीच्या काठावरची झाडंही दिसत नव्हती. खालून काळपट ढग वर चढत होता आणि वारा एका जागी ठरत नव्हता.

हौसाक्काने करंडीच्या फटीतून आत पाहिलं. पिल्लं पिसं फुगवून, माना आत ओढून एकमेकांना चिकटून बसली होती. एकही घुमत नव्हतं.

ती पंचाकडे गेली. पंच म्हणजे गावातला सगळ्यात वयस्क कबुतरवाला. "पंचदादा, आजचा दिवस राहू द्या," ती म्हणाली. "जाणतं कबुतर ढगात सापडलं तर कपारीत बसून राहतं, आभाळ उघडलं की येतं. ह्या लेकरांना बसणं ठाऊक नाही. त्यात उपाशी. पडेपर्यंत उडत राहतील."

पंचाने कान खाजवला. "सगळे म्हणतील तर राहू देऊ," तो म्हणाला.

सगळ्यांनी कोंडाजीकडे पाहिलं. कोंडाजीच्या चुन्याच्या भट्ट्या होत्या, ढाबळ गावात सगळ्यात मोठी आणि आवाज ढाबळीपेक्षा मोठा. कोंडाजीने खिंडीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग वळून हसला आणि म्हणाला, "आक्का, पाखरं उडवायला आणलीस का जोजवायला?"

माळभर हशा पिकला. एवढं झाल्यावर दिवस राहू द्या म्हणायला कोण धजणार? जो तो आपली करंडी पुढे ओढू लागला. तेवढ्यात डोक्यावरचं आभाळ थोडं फाटलं आणि माळावर उन्हाचा पट्टा पडला.

"उघडलं बघा," कोंडाजी म्हणाला. "भैरोबानं वाट दिली."

पंचाने पांढरं फडकं हातात घेतलं. फडकं खाली आलं की सगळ्यांनी झाकणं उघडायची. हौसाक्का करंडीपाशी गुडघे टेकून बसली. तिला सासऱ्याचा हात आठवला, त्याची बोटं किती हलकी झाली होती तेही आठवलं. पेठेतली माणसं डोळ्यांसमोर आली. आपण उगाच भीत असू, असंही वाटून गेलं. एवढे जाणते लोक उघडतायत, मी कोण? तिने झाकणाची दोरी सोडायला घेतली. गाठ अर्धी सुटलीही.

मग तिची नजर पुन्हा खिंडीकडे गेली. ऊन पडलं होतं ते माळावर. पाखरांना जायचं होतं खिंडीवरून. तिथला काळोख तसूभरही हलला नव्हता.

फडकं खाली आलं. माळावरची झाकणं एकदम उघडली आणि पंखांचा मोठा फडफडाट झाला. हौसाक्काच्या करंडीतल्या पिल्लांनी तो ऐकला आणि ती पिसाळली. झाकणाला धडका बसू लागल्या. अर्धी सुटलेली गाठ आणखी सुटली आणि फटीतून एका तांबूस मादीची मान बाहेर आली. हौसाक्काने ती मान हलकेच आत ढकलली आणि सरळ करंडीवर आडवी झाली. पिल्लं खालून तिच्या छातीवर डोकी आपटत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती उठली नाही.

वर गेलेल्या थव्याने एक घिरटी घेतली, दुसरी घेतली. वाट कुणालाच उमगत नव्हती. शेवटी एक पिल्लू खिंडीकडे वळलं आणि बाकीची त्याच्यामागे गेली. ढगाने त्यांना पोटात घेतलं. पंखांचा आवाज मात्र ती दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ येत राहिला.

उतरताना हौसाक्काशी कुणी बोललं नाही. गाव आलं तशी ती बंद करंडी डोक्यावर घेऊन पेठेतून चालू लागली. दुकानदार मापं हातात धरून बघत राहिले. एका छोट्या मुलीने आईला विचारलं, "हिची पाखरं मेली का गं?"

"नाही गं," आई म्हणाली, "ती भ्याली."

हौसाक्काला ते ऐकू गेलं. मान तशीच ताठ ठेवणं भाग होतं, डोक्यावर करंडी होती.

अंगणात म्हातारा वाटच बघत होता. करंडीत खसफस ऐकून त्याला सगळं कळलं. "उघडली नाहीस," तो म्हणाला.

"नाही, मामंजी."

त्याने कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. हौसाक्काने छपरावर चढून स्वतःच्या हाताने काठी उतरवली, आणि मग रडत रडत पिल्लांना पोटभर ज्वारी घातली.

दुपार व्हायच्या आत वादळ गावावर आलं. हौसाक्काने सासऱ्याची खाट ओसरीत ओढून घेतली. वारा असा सुटला की छपरांवरचं गवत उडालं, आणि मागोमाग गारा. तरीही गावातले सगळे कबुतरवाले छपरांवर उभे होते, डोक्यावर घोंगडी धरून खिंडीकडे बघत. एकही पाखरू आलं नाही. गारा थांबल्या तरी आलं नाही. सकाळी हसणारी तोंडं आता एकमेकांकडे बघायलाही तयार नव्हती. कोंडाजी शीळ घालून घालून थकला आणि नुसता उभा राहिला.

दिवस कलायला आला, तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेला म्हातारा एकदम म्हणाला, "हौसा, वर पंख वाजतायत."

तिने कान दिला. खरंच, ढगांच्या आड कुठेतरी पंख वाजत होते, मध्येच थांबत होते, पुन्हा दुसरीकडून येत होते. खिंड ओलांडून काही पिल्लं गावावर पोचली होती, पण खालचं घर त्यांना दिसत नव्हतं. आणखी थोड्या वेळात अंधार पडला असता.

हौसाक्काने आपल्या ढाबळीकडे पाहिलं. गावावर उडणारा थवा दिसला तर चुकलेलं पाखरू त्यात येऊन मिसळतं, हे तिला माहीत होतं. पण वारा अजून पुरता पडला नव्हता. म्हणजे सकाळचाच प्रश्न पुन्हा दारात उभा होता. तिने ढाबळीत डोकावलं. पिल्लांची पोटं भरलेली होती, ती माना उंच करून घुमत होती. आणि त्यांना कुठे जायचं नव्हतं, घर त्यांच्या पायाखालीच होतं.

"आता सोड," म्हातारा भिंतीकडे बघतच म्हणाला.

तिने दार उघडलं. पिल्लं वर गेली आणि छपराभोवती फिरू लागली. हौसाक्का दाण्याचा डबा खुळखुळवत छपरावर उभी राहिली. एक फेरा झाला, आणखी एक झाला. मग थव्याच्या कडेला एक करडं, भिजलेलं पाखरू दिसलं. मागून दुसरं आलं. हौसाक्काची पिल्लं दाण्यासाठी खाली उतरली आणि त्यांच्याबरोबर ती परकी पाखरंही पडल्यासारखी छपरावर उतरली. काहींना तर पंख मिटायचीही ताकद नव्हती. हौसाक्काने एकेकाला पदराने पुसून आत ठेवलं.

खाली आल्यावर म्हातारा तिला म्हणाला, "आपल्या छपरावर उतरलं ते आपलं, अशी रीत आहे गावात."

"सकाळी एक रीत पाळली, मामंजी," ती म्हणाली. "आजच्यापुरती तेवढी पुरे."

तोवर माणसं दारात जमली होती. जो तो आपलं पाखरू ओळखून, छातीशी धरून नेत होता. बरेच जण मात्र रिकाम्या हाताने परतले. कोंडाजी सगळ्यांच्या शेवटी आला. त्याच्या भरल्या करंडीतली मोजकीच पाखरं वाचली होती. पांढऱ्या शेपटीचं एक पिल्लू त्याच्या फार जिव्हाळ्याचं होतं, तो हाताने दाणा भरवायचा त्याला. ते कुठेच दिसेना. तो पायरीवर मटकन बसला.

"ढग मलाही दिसला होता, आक्का," तो म्हणाला. नेहमीचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "पण बंद करंडी घेऊन पेठेतून यायची लाज वाटली."

हौसाक्काने त्याची उरलेली पाखरं त्याच्या करंडीत ठेवली आणि झाकणाची दोरी बांधली. कोंडाजीने करंडी उचलली. त्याच्या घराकडे जायला मागून बोळ होता, कुणी बघितलंही नसतं. पण तो बोळाने गेला नाही. बंद करंडी डोक्यावर घेऊन तो भर पेठेतून चालत गेला, आणि ज्या दुकानांतून सकाळी माणसं टकमक बघत होती तिथली माणसं आता उठून उभी राहिली.

सकाळी म्हाताऱ्याची खाट पुन्हा अंगणात आली तेव्हा आभाळ निवळलं होतं. पण निशाण दिसायचं तिथे काही नव्हतं. म्हाताऱ्याने विचारलं, "हौसा, गावात कुणाकुणाच्या काठ्या उभ्या आहेत?"

हौसाक्काने छपरावर चढून चहूकडे पाहिलं. रात्रीतून कोंडाजीने आपली काठी उतरवली होती, आणि त्याची बघून बाकीच्यांनीही.

"एकही नाही, मामंजी," तिने वरून सांगितलं.

म्हाताऱ्याने डोळे पुसले. "खाली ये," तो म्हणाला, "आणि माझी खाट ढाबळीकडे फिरव. मला पाखरं बघू दे."

तात्पर्य एवढंच: ज्यांचा जीव आपल्या हाती आहे, त्यांच्यासाठी चारचौघांत हसं करून घ्यावं लागलं तर घ्यावं. हसणारे उद्या विसरतात, पण गेलेलं पाखरू परत येत नाही.