महाराजांच्या तळहातावर विळ्याला धार

“करवत बरी देशमुखांच्या त्या विळ्यापेक्षा!” म्हातारी सुईण धोंडाई पदराआड पुटपुटली. शेजारी बसलेल्या महाराजांनी मान वळवली, तशी तिने जीभ चावली.

उंबरबुवा महाराज त्या वर्षी गोंदणखेडला, देवळाच्या ओसरीत उतरले होते. गावावर सुतकाची कळा होती. मैनावतीबाई देशमुखांची दोन नातवंडं, दोन्ही आठव्या दिवशी, जबडा मिटून, अंग ताठून गेली होती. गाव म्हणे, सटवाईचा कोप.

त्या घरी नाळ कापायची ती देवघरातल्या जुन्या विळ्याने. त्याला दगड लावायचा नाही. लावला की घराण्याचा पराक्रम झिजतो म्हणे! गंज मात्र चालत होता.

सुनेला तिसऱ्यांदा कळा लागल्या, तेव्हा घिसाड्याची तानी धारेचा दगड घेऊन त्यांच्या दारी गेली. महाराजांची भोळी भक्त ती. दगड आजेसासऱ्याचा, चार पिढ्यांचे विळे-कोयते घासून मधोमध पन्हाळीसारखा झिजलेला.

“बाईसाहेब, पदर पसरते. एवढा विळा उजळू द्या.”

“दगड घासून पोट भरणारी तू, आम्हाला शिकवतेस? तुझा तो फुकटखाऊ बुवा आहे ना, त्याला शिकव!” म्हणत मैनावतीबाईंनी दगड जोत्यावरून भिरकावला. त्याचे तीन तुकडे झाले.

तानी तुकडे ओटीत घेऊन रडत ओसरीवर आली.  महाराज उठले ते तिला घेऊन थेट देशमुखांच्या दारी. मैनावतीबाई आडव्या आल्या, पण आतून सुनेचा आवाज आला, “आत्याबाई, येऊ द्या त्यांना. मला आता तिसरं पुरायचं नाही.”

महाराजांनी देवघरातला विळा घेतला, अंगणात बसले आणि तळहात पुढे केला.

“तानी, घास.”

“देवा, हात कापेल की!”

“आतलं लेकरू थांबणार नाही. घास, माय.”

तानीने डोळे मिटून पातं ओढलं. तळहातावरून लाल धार लागली. बायका किंचाळल्या. पण काय नवल सांगावं! ते रक्त नव्हतं, गंज होता. अंगण लाल झालं तरी तो सरेना. सरला तेव्हा पातं लखलखत होतं आणि हातावर ओरखडासुद्धा नव्हता. महाराजांनी विळा चुलीच्या जाळात तापवून धोंडाईकडे दिला.

मुलगी झाली. आठव्या दिवशी पाळण्यात डोकावायची कुणाची छाती होईना. मग पोर भुकेने रडली. चांगलं तोंड उघडून रडली.

मैनावतीबाई अनवाणी देवळात आल्या आणि महाराजांपुढे वाकल्या. महाराजांनी पाय मागे घेतले आणि तानीकडे पाहिलं. बाईसाहेबांनी तानीच्या पायांवर डोकं ठेवलं, ते त्या उचलेचनात.

“सटवाई पावली हो, बाईसाहेब,” धोंडाई घाईघाईने म्हणाली.

“तिचं नाव नको घेऊस, धोंडे. ती दोन लेकरं मी मारली.”