घडा ना उघडा, ना बंद

तिसरा घडा फुटला, तो थेट राजपुरोहितांच्या कोऱ्या शेल्यावर!

गर्जनसेन महाराजांना शेल्याचं काही वाटलं नाही. रस सांडला, याचं मात्र फार वाटलं. त्यांच्या थंड, डोंगराळ राज्यात यंदा पहिल्यांदाच सफरचंदं धरली होती. ना गूळ, ना पाणी. नुसता रस घरच्या घरी आंबवायचा आणि जिभेवर चुरचुरणारं पेय प्यायचं, असं महाराजांच्या मनाने घेतलं होतं. आणि महाराजांच्या मनाने एकदा घेतलं, की राज्यात बाकी कुणाला मन असण्याचं कारण उरत नसे.

आचारी सुभानजी हात जोडून उभा होता.

"पहिला घडा उघडा ठेवलास, त्यात माश्या पडल्या, रस आंबटढाण झाला!" महाराज गरजले. "पुढचे दोन बंद ठेवलेस, तर तोफा उडाल्या!"

"सरकार, रस आंबला की आत वारा धरतो. झाकणावरची मोहर जरा सैल लावली तर..."

"सैल? म्हणजे तुम्ही चोरून प्यायला मोकळे! आता ऐक. चौथा घडा उघडाही ठेवायचा नाही, बंदही ठेवायचा नाही! पंधरा दिवसांनी रस नासला किंवा घडा फुटला, तर बिऱ्हाड उचलायचं आणि वेशीबाहेर व्हायचं!"

"वा! काय न्याय!" दिवाण अवधूतपंत म्हणाले. पगार त्यांना त्याचाच होता.

सुभानजी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. त्याची बायको भांडी पोत्यात भरत होती आणि शेजारीण सांत्वनाला आली होती.

"नव्या सुनेचा पायगुण गं बाई! लग्नाला दोन महिने नाहीत झाले, तोवर..."

नवी सून भिवरा कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. दोन महिन्यांत ती 'हो' आणि 'बरं' यापलीकडे फारसं बोलली नव्हती. आज बोलली.

"मावशी, माझ्या पायगुणाने दोन-दोन घडे फुटत असतील, तर महाराजांनी मला तोफखान्यातच ठेवून घ्यायला हवं!"

शेजारणीला घरी दूध उतू जात असल्याचं आठवलं.

"मामंजी," भिवरा म्हणाली, "सफरचंदं आणा. सडकी वेगळी काढा, पण चांगली धुऊ नका. सालीवर जी भुरी असते ना, रस तीच आंबवते."

"अगं, ते सगळं झालं! पण उघडाही नाही, बंदही नाही, असा घडा कुठून आणू?"

"घडा नेहमीचाच. झाकण मी आणते."

ती कुंभाराकडे गेली. झाकणाच्या मधून निघून बदकाच्या मानेसारखी खाली वळलेली नळी तिने करून घेतली.

"झाकणाला नाक कशाला, बाई?" कुंभाराने विचारलं.

"आतल्याचा जीव गुदमरतो, दादा."

सफरचंदं सालीसकट उखळात कुटली, फडक्यातून रस पिळला आणि फेसाला चार बोटं जागा ठेवून घड्यात ओतला. झाकणाच्या कडेला लाख लावून त्यावर राजाची मोहर उठवली. नळीचं टोक पाण्याच्या वाटीत बुडवलं. तिसऱ्या दिवशी वाटी बोलू लागली: बुडूक... बुडूक!

पंधराव्या दिवशी घडा वाटीसकट दरबारात आला. मागोमाग सुभानजी आणि डोक्यावर पदर घेतलेली भिवरा.

अवधूतपंत वाकून वाकून बघत होते. "महाराज, नळी आहे! म्हणजे घडा उघडा आहे!"

"मग पंत, त्या नळीतून एक माशी आत घालून दाखवा," भिवरा म्हणाली.

"कशी घालू? पाण्यात बुडेल ती!"

"म्हणजे बंद आहे."

"मग हे बुडबुडे कुठून येताहेत?"

"आतून. म्हणजे उघडा आहे."

पंतांचं तोंड उघडं राहिलं. त्याला पाण्याची वाटी नव्हती.

महाराजांनी मोहर तोडली. एक पेला प्यायले. जीभ चुरचुरली, भुवया वर गेल्या. दुसरा पेला प्यायले. पण हार मानतील ते महाराज कसले!

"रस बरा आहे. पण हे झाकण म्हणजे निव्वळ चलाखी! एकाच वेळी उघडी आणि बंद अशी वस्तू जगात असतेच कुठे? आणखी एक दाखव, पोरी. नाहीतर वेस तिकडे आहे!"

सुभानजीने डोळे मिटून घेतले.

भिवराने पदर सारखा केला. "लांब कशाला जायचं, महाराज? आपणच आहात की! हुकूम धडाधड बाहेर पडतात, बाहेरचा शब्द मात्र एकही आत शिरत नाही!"

पंत हळूच खांबामागे सरकले.

महाराजांचे गाल फुगले, पोट हललं, आणि तिसऱ्या पेल्यातला घोट हसता हसता नाकातून बाहेर आला!

"सुभानजी!" डोळे पुसत महाराज ओरडले. "बिऱ्हाड उचल! वेशीबाहेर नाही रे, बागेतल्या बंगलीत! आणि हे सोन्याचं कडं सूनबाईला. सफरचंदांची अख्खी बाग आजपासून तिच्या ताब्यात!"