जुन्या डब्यातली बासरी

वाद्यांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. हिरामणच्या ऑर्केस्ट्रात नवाकोरा कीबोर्ड आला. शेजारी जुना साउंड मॉड्यूल होता. पट्ट्या नाहीत, नुसता आवाज भरलेला डबा.

"आजोबा, तुम्हाला अजून भंगारात कसं घातलं नाही?" कीबोर्ड फिदीफिदी हसला. "माझी बासरी ऐका, लोक वेडे होतात!"

हळदीच्या कार्यक्रमात हिरामणने कीबोर्डचा आवाज बंद केला, त्याची वायर डब्याला जोडली आणि कीबोर्डच्याच पट्ट्यांवर बोटं ठेवली. डब्यातून तीच बासरी निघाली, पण थेट काळजाला भिडणारी. नाचणारा मांडव जागीच थांबला.

कीबोर्ड हादरला. "चोर! माझी बासरी चोरलीत!"

"चोरी कसली, बाळा? तुला घडवणाऱ्यांनी माझीच बासरी तुझ्यात भरलीय."

"मग... माझा आवाज कोणता?"

"हिरामणची बोटं पडतायत ना तुझ्यावर? ऐक की."

कीबोर्डने कान देऊन ऐकलं. पट्ट्यांचं नुसतं खट, खट, खट.