तिसऱ्या अल्बमची झील

"मग पहिले दोन अल्बम पुसून टाकू ना, नाना?"

सुशांत आवळेने विचारलं खरं, पण उत्तर त्याने घरूनच ठरवून आणलं होतं. लहानपणी तो शाहीर दत्तोबा लाटवडे ऊर्फ नानांच्या फडात झील धरायचा, म्हणजे शाहिरांची ओळ संपली की मागून 'जी जी रं जी' म्हणायचा. आता तो रॅपर होता. तिसरा अल्बम उद्या यायचा होता आणि त्याआधी जुने दोन इंटरनेटवरून कायमचे काढायचे होते. नानांनी हो म्हटल्याशिवाय हात मात्र धजत नव्हता.

"का पुसायचं?"

"पहिल्यात शब्द बरे हायत, पण बीट फुकटातली. आवाज डब्यातनं आल्यागत. दुसऱ्यात बीट सुधारली, तर यमकं जुळवताना माझी दमछाक. तिसऱ्यात मात्र शब्द, बीट, मिक्सिंग... कुठं बोट ठेवायला जागा न्हाई."

"लाव बघू."

पहिला लागला. मागे पंख्याची घरघर चक्क ऐकू येत होती. सुशांतला ओशाळल्यासारखं झालं. पण ओळ संपून तो श्वासाला थांबला, आणि नाना सहज म्हणून गेले, "जी जी रं जी!"

दुसऱ्यातही त्यांनी एकदोनदा 'जी' घातलीच.

तिसरा लागला. तावदानं थरथरली. गाणं झकास होतं, त्यात वादच नाही. नाना मान डोलावत ओळ संपायची वाट बघत होते. त्यांनी तोंड उघडलं... मिटलं. पुन्हा उघडलं... पुन्हा मिटलं.

गाणं संपलं.

"झीलबी मीच भरलीया, नाना," सुशांत ऐटीत म्हणाला. "माझाच आवाज, थरावर थर. मोकळं काय ठेवलंच न्हाई."



नाना उठले. खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली, चपला पायात सरकवल्या आणि दाराकडे निघाले. घर त्यांचंच होतं.

सुशांत मागोमाग धावला. "नाना... निघालात कुठं? काय पुसू, ते तरी सांगा!"

नाना उंबऱ्यात थांबले.

"गातोयस तूच, जी म्हणतोयस तूच... आता ऐकायलाबी तूच बस, लेका."