खुर्चीतल्या सरांना खो

मुलींच्या वसतिगृहात भाकऱ्या थापणाऱ्या हौसाबाई कॉलेजच्या खो-खो संघाचा एकही सामना चुकवत नसत. प्रशिक्षक वाघचौरे सरांना पाहून मात्र त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सर छत्रीखाली खुर्ची टाकून मोबाइल बघत आणि संघ हरला की पोरींवरच डाफरत.

त्या दिवशीही सामना हातचा निसटू लागला, तशा बाई ओरडल्या, "सर, पोरींना काही सांगा की!"

सर मान न वळवता म्हणाले, "बाई, तुम्ही भाकऱ्या थापा. खो-खोचा एक नियम तरी येतो का तुम्हाला?"

बाई खुर्चीमागे गेल्या आणि सरांच्या पाठीवर थाप मारून कडाडल्या, "खो!"

सर दचकून उठले. बाई खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"हा एक येतो. खो देणाऱ्यानं बसायचं, बसलेल्यानं पळायचं. पळा आता, पोरी तीन वर्षं वाट बघतायत."