ओळखा, सगूच्या डब्यात काय?

टेकडीच्या कुशीला एक खोपट होतं. इतकं ठेंगणं, की वारासुद्धा वाकून आत शिरे. तिथे सगू राहायची आणि तिची आई. आई पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचायची. पण गावातल्या झुंबरशेठ मिठाईवाल्याने चंदेरी कागदाच्या ताटल्या आणल्या, आणि लोकांना एकदम पानं गावंढळ वाटायला लागली. पान गावंढळ आणि कागद मोठा शहाणा! पत्रावळी कोपऱ्यात वाळत पडल्या आणि खोपटातली चूल गार राहू लागली.

सगूला पोटातल्या भुकेपेक्षाही एक मोठी भूक होती. आश्विन महिना आला होता, आकाशात हस्त नक्षत्र लागलं होतं. हे हत्तीचं नक्षत्र. तेव्हा पाटावर हत्ती काढायचा, मधे ठेवायचा, मुलींनी हातात हात घालून भोवती फेर धरायचा आणि गाणी म्हणायची. हा भोंडला. मग जिची पाळी असेल तिने झाकलेल्या डब्यात खिरापत आणायची आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाही. खरी गोडी खाण्यात नसतेच मुळी, ओळखण्यात असते.

यंदा मात्र झुंबरशेठने गावातल्या हादग्याच्या झाडांच्या बागेला फाटक बसवलं. आत 'भव्य महाभोंडला'! मधोमध दिव्यांचा सोनेरी हत्ती, गाणी भोंग्यातून, आणि खिरापत शेठच्याच दुकानातली, खोक्यावर नाव छापलेली. जी खोकं विकत घेईल तिला आत सोडायचं. छापलेलं नाव ओळखायचं काय, कपाळ? पोरी मुकाट खात आणि मुकाट घरी जात.

सगूच्या अंगणात पाट तसाच पडून राही. ती रोज सकाळी खडूने त्यावर हत्ती काढायची. सुपाएवढे कान, इवलीशी शेपटी, हसरा डोळा. आणि संध्याकाळपर्यंत, कुणी हात न लावताच, तो हत्ती पुसट पुसट होत जायचा.

नक्षत्र संपायला एकच दिवस उरला होता. त्या संध्याकाळी सगू बागेच्या कुंपणापाशी गेली. खाली पडलेली हादग्याची फुलं गोळा करून भाजी करायची होती. पांढरी शुभ्र फुलं, चंद्राच्या कोवळ्या कोरींसारखी गवतात पहुडलेली. तेवढ्यात एक फूल हुंदका देऊन रडलं.

ते फूल नव्हतं. ती होती अंगठ्याएवढी चिमुकली परी! फुलाच्या पाकळीचे पंख, डोक्यावर हिरव्या देठाची टोपी, आणि अंगातून दुधाळ, निळसर उजेड झिरपत होता. शेठच्या माणसांनी झाडाला चमचमती झालर करकचून आवळली होती. तिच्यात परीचा एक पंख अडकला होता.

"हलू नकोस हं, परीताई," सगू कुजबुजली. तिने दातांनी झालरीचा एकेक धागा तोडला. ओठ कापला, पण पंखाला धक्का लागू दिला नाही.

परी भुर्रकन तिच्या तळहातावर येऊन बसली. सगूचा हात कोपरापर्यंत चांदण्यासारखा उजळला.

"माग, काय हवं तुला?" परी म्हणाली.

"मला? माझ्या हत्तीला भोवती कुणीतरी हवं गं. तो रोज विरतोय."

परीचा उजेड मंद झाला. "ठाऊक आहे. तो ढगांतला हत्ती. मुलींच्या फेरावर तो जगतो. उद्या सूर्य बुडायच्या आत त्याच्याभोवती फेर धरला गेला नाही, तर तो इकडची वाट विसरेल. मग पाटावर कितीही रेघा ओढा, त्यांत हत्ती येणार नाही."

सगूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"डबा आहे घरी?" परीने विचारलं.

"आहे, पितळी. पोचे आलेला, आणि रिकामा."

"झाकण लावून जे मनात धरशील ते त्यात येईल. पण नियम आहेत हो. नाव तू सांगायचं नाहीस. नाव आधीच फुटलं तर झाकण उघडेल, पण आत नुसता वारा. नाहीतर दुसऱ्या कुणी ओळखलं तरच झाकण निघेल. आणि त्यातलं काही विकायचं नाही."

"आणि कुणाला ओळखता नाही आलं तर?"

"तर झाकण कायमचं बंद."

"मग ओळखायचं तरी कसं?"

परी हसली, आणि कुंपणावरची दंवाची थेंबुटी लुकलुकली. "डब्याकडे बघून नाही. आणणारीकडे बघून."

सगू धावत घरी आली. डबा घासला, झाकण लावलं, डोळे मिटले आणि डबा आईपुढे धरला. "ओळख!"

"अगं, रिकाम्या डब्यात काय ओळखू?"

"ओळख ना!"

"गोड?"

"नाही."

आईने लेकीकडे नीट पाहिलं. पोर तिच्याकडे बघून गालात हसत होती. "म्हणजे माझ्या आवडीचं. माझ्या आईच्या हातची वाटली डाळ!"

टप्पकन झाकण उडालं. आत वाफाळती, सोनपिवळी डाळ, वर खोबऱ्याची पांढरी फुलं. आई भिंतीला टेकून खालीच बसली. मग सावरली आणि म्हणाली, "एकट्याने खायचं नाही. शेजारी देऊन ये."

डाळ शेजारी गेली, आणि गोष्ट झुंबरशेठच्या कानावर गेली. सकाळीच स्वारी दारात हजर.

"काय घेशील डब्याचं?"

"विकायचा नाही," सगू म्हणाली.

"बरं, उसना दे. आजचा दिवस."

सगूने विचार केला. "देते. पण आज फाटक सगळ्या मुलींना उघडं ठेवायचं. आणि काका, आत काय आहे ते आधी कुणाला सांगायचं नाही हं!"

"छे छे!" शेठ म्हणाले, आणि बाहेर पडल्याबरोबर त्यांनी भोंगा लावला. "या हो या! जादूच्या डब्यातून मोत्यांच्या माळा! तिकीट काढा, माळ न्या!" पोटात गुपित ठेवायची सवयच नव्हती. जे दिसेल त्याची जाहिरात!

दुपार कलली तेव्हा बाग माणसांनी फुलून गेली होती. शेठने मनात माळा धरल्या आणि थाटात झाकण उघडलं. आतून एक सुस्कारा निघाला. फूऽऽ. नुसता वारा. लोक खवळले. "तिकिटाचे पैसे परत!" मुली रडायला लागल्या.

इकडे अंगणात सगूच्या बोटांना खडू लागे, पाटाला लागेना. सकाळपासून ती गिरवत होती. हत्ती विरत विरत गेला आणि शेवटी पाटावर उरला फक्त त्याचा एक डोळा. सूर्य टेकडीला टेकायला आला होता. सगूने पाट काखेत मारला आणि ती बागेत आली. त्या गोंधळात फाटकावर कुणी नव्हतंच.

तिने पाट मधे ठेवला आणि डबा उचलून छातीशी धरला. त्यातून काहीही मागता आलं असतं तिला. धान्य, नवं परकर-पोलकं, खोपटाला पक्कं छप्पर. तिने डोळे मिटले आणि मनात एकच गोष्ट धरली.

"ओळखा!" ती म्हणाली.

"पेढे!" एकजण ओरडली. "नाही." "काजूवड्या!" "नाही." "बर्फी! चकली! मलई-पाक!" सगळी शेठच्या खोक्यांवरची नावं. दुसरं काही त्यांना सुचतच नव्हतं. ऊन झाडांच्या शेंड्यांवर चढलं. सगूने डबा आणखी घट्ट आवळला.

व्यासपीठावर शेठची लेक माणकी बसली होती, जरीत गुंडाळलेली. तिला सगळं मागायच्या आधीच मिळायचं, म्हणून तिने जन्मात कधी काही ओळखलं नव्हतं. ती हळूच खाली उतरली.

"तिखट की गोड?" तिने विचारलं.

"दोन्ही नाही," सगू म्हणाली.

"हे कसलं खाणं, बाई!" माणकी हसली. मग तिने डब्यावरची नजर उचलली आणि सगूकडे पाहिलं. पांढरी झालेली बोटं. भरून आलेले डोळे. आणि ते डोळे पुन्हा पुन्हा वळत होते त्या पाटाकडे, तिथल्या एकुलत्या एक डोळ्याकडे.

माणकीचा आवाज अगदी बारीक झाला. "सगू... डब्यात हत्ती आहे?"

लोक खो खो हसले. आणि झाकण उडालं.

आधी आली सोंडेची टोकुली, करंगळीएवढी, खडूसारखी पांढरी. तिने हवा हुंगली. मग कपाळ आलं, मग कान, आणि ते वाढतच गेले, वाढतच गेले. झाडांएवढा, देवळाएवढा हत्ती बागेत उभा राहिला. पाऊस पडून गेलेल्या ढगाच्या रंगाचा, पायांत विजेचे तोडे, पाठीवर इंद्रधनुष्याची झूल! हसणारे हसायचे थांबले. म्हाताऱ्यांनी हात जोडले. भोंगा आपोआप गप्प झाला, आणि दिव्यांचा सोनेरी हत्ती लाजून विझला.

कुणी सांगितलं नाही, पण मुलींचे हात हातांत गेले. सगूने धरला माणकीचा हात. फेर फिरला, आणि गाणं ओठांवर आपसूक आलं:

"हत्ती आला अंगणी, पायी वीज-पैंजणी,
फेर धरा गं साजणी!"

सूर्य बुडाला तो फेराच्या आत बुडाला.

झुंबरशेठच्या तोंडून सवयीने निघालं, "याचं... याचं भाडं किती?" हत्तीने त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि तो फटकन शिंकला. शेठ डोक्यापासून पायापर्यंत खडूने पांढरे! सगळ्यांत आधी हसली ती माणकी. मग शेठही हसले, बऱ्याच वर्षांनी, फुकट.

हत्तीने कान हलवले, तशा चंदेरी ताटल्या उडून पार टेकडीपलीकडे गेल्या. मग तो एकेक पाऊल हवेत टाकत ढगांत चढला. पाटावर त्याचं चित्र आता ठसठशीत उमटलं होतं. डोळा तर हसतच होता.

"खिरापत कशात वाढायची गं आता?" मुलींनी विचारलं. गर्दीतून सगूची आई पुढे आली. तिच्या डोक्यावर पत्रावळींचा भारा होता. हादग्याच्या फांदीवरून परी उतरली आणि सगूच्या डब्यावर बसली.

"डबा तुझाच, सगू. कधी रिता राहायचा नाही. नियम मात्र तेच." तिने सगूच्या कापलेल्या ओठाला पंख टेकवला. जखम फुलासारखी मिटली. मग परी उजळली, पांढरी, सोनेरी, पुन्हा पांढरी, आणि बघता बघता सगळी बाग उजेडाने भरली. डोळे उघडले तेव्हा फांदीवर एक फूल तेवढं झुलत होतं.

तेव्हापासून सगूच्या अंगणाला फाटक नाही. पोरी येतात, एकमेकींची तोंडं निरखतात, ओळखतात आणि पळसाच्या पानावर पोटभर खातात. खोपटातली चूल पुन्हा कधी गार राहिली नाही.

आणि हे बघा, मी माझ्या गोष्टीचंही झाकण लावलं. आत तुमच्यासाठी काय ठेवलंय, ते मी मेले तरी सांगायची नाही. ओळखा.