राखीव गडी

हुतूतूचा अंतिम सामना तोंडावर आला आणि चांदेगडचा राजा हंबीरराव हट्टाला पेटला. मैदान खच्चून भरलं पाहिजे, पण तिकिटाचा दर कवडीनंही उतरायचा नाही!

सामना पाठशाळांतल्या पोरांचा. पूर्वी लोक शिदोरी बांधून यायचे, घसा बसेपर्यंत ओरडायचे, कोणी दमडी मागत नव्हतं. मग कारभारी त्र्यंबकपंतांच्या मनात आलं, की एवढी माणसं फुकटात आनंदी होतात हे राज्याला परवडणारं नाही. त्यांनी दाराशी तिकीट लावलं. आत आल्यावर बसायचे पैसे वेगळे. उभं राहायचे त्याहून जास्त, कारण उभ्या माणसाला लांबचं दिसतं. सावलीचा दर ऊन चढेल तसा चढायचा. टाळी एका हातानं वाजवली तर फुकट, दोन हातांनी वाजवली तर पैसे. तूपवाल्या सोमशेटनं तर चढाईच विकत घेतली होती. चढाईला निघालेल्या पोरानं हुतूतू म्हणायच्या आधी ‘सोमशेटचं साजूक तूप’ सात वेळा म्हणायचं. निम्म्या पोरांचा दम तुपातच संपायचा.

व्हायचं तेच झालं. आधीच्या सामन्याला राजा, पंत आणि सोमशेट सोडून मैदानात कुत्रं नव्हतं. टाळ्या वाजल्या तेव्हा राजाला वाटलं, कबुतरं उडाली.

या खेळाडूंचे कपडे धुवायची तुळसा परटीण. तिचा धाकटा भाऊ नाथा अंतिम सामन्यात उतरणार होता. पाठशाळेतलं त्याचं हे शेवटचं वर्ष, आणि आईनं त्याला अजून एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. तिकिटासाठी दोन म्हशी विकाव्या लागल्या असत्या, आणि दारात होतं एक गाढव. मग तुळसा घाटावर नाथाचे कपडे उलगडून आईला खेळ सांगायची.

“हे बघ, गुडघ्याला माती. म्हणजे त्याला धरला होता.”

“आणि पाठीला?”

“पाठ कोरी आहे. सुटला म्हणायचा.”

आई तेवढ्यावर खूश व्हायची. पण अंतिम सामना आईनं मातीवरून ओळखायचा, हे तुळसाच्या जिवाला लागलं. कपड्यांचं गाठोडं पोचवायला ती वाड्यावर गेली ती थेट राजापुढेच उभी राहिली.

“महाराज, माझ्या आईला आत सोडा.”

“तिकीट काढलंय?”

“नाही जी. पण आपलं मैदान तरी कुठं भरलंय?”

पंतांनी डोळे वटारले. राजाच्या मात्र वर्मावर बोट पडलं होतं.

“मग तू भर,” तो म्हणाला. “दर उतरणार नाही. खजिन्यातून काही मिळणार नाही. बिनतिकिटाचा एकही प्रेक्षक आत दिसता कामा नये. तरीही मैदान भरलं, तर आई तुझी माझ्या शेजारी बसेल. नाही भरलं, तर तुझा भाऊ खेळणार नाही.”

 तुळसा आईला खेळ दाखवायला निघाली होती आणि खेळच घालवून बसली होती! पण शब्द तर राजाच्या तोंडातून गेला होता. जाता जाता ती पंतांकडे वळली.

“पंत, खेळाडूला तिकीट पडतं का हो?”

“वेडी का खुळी तू? खेळाडूनंच तिकीट काढलं तर खेळायचं कोणी?”

“आणि राखीव गडी किती ठेवायचे?”

“ठेवा हवे तेवढे. त्यांना काय मी जेवू घालतोय?”

सामन्याच्या दिवशी राजा सिंहासनावर येऊन बसला आणि बघतच राहिला. मैदानाच्या चारी बाजूंना मुंगी शिरायला जागा नव्हती. सुतार, तांबट, भाजीवाल्या, अख्खी कोष्टी आळी, सगळे कासोटे खोचून, अंगाला माती फासून बसलेले. समोरच्या पाठशाळेचं गावही तसंच.

“तुळसे, ही काय भानगड आहे?” पंत कडाडले. “तिकीट तर एकही खपलं नाही!”

“हे प्रेक्षक नाहीत, पंत. दोन्ही संघांचे राखीव गडी आहेत.”

“पण बसून बघतायत!”

“राखीव गडी बसून बघणारच. बोलावलं की उतरतील.”

राजानं गर्दीवरून नजर फिरवली आणि सगळ्यांत म्हातारी बाई हेरली. तोंडाचं बोळकं, हातात काठी. “ही हुतूतू खेळणार?”

आजीनं काठी शेजारणीकडे दिली, हुतूतू हुतूतू करत सरळ पंतांवर चढाई केली, त्यांच्या पागोट्याला हात लावला आणि दम न सोडता जागेवर येऊन बसली.

“बाद,” ती म्हणाली.

राजाला हसू आवरेना. कसाबसा तो म्हणाला, “बरं, हे सगळे खेळाडू. मग प्रेक्षक कोण?”

तुळसानं हात जोडले. “आपण, महाराज. आपण तिकीट काढलंच असेल.”

राजानं पंतांकडे पाहिलं. पंतांनी जमिनीकडे पाहिलं. राजाकडे तिकीट मागायची त्यांची कधी छातीच झाली नव्हती.

“म्हणजे बिनतिकिटाचा प्रेक्षक मीच! आता बाहेर जाऊ?”

“बाहेर कशाला, महाराज? नाथाच्या संघात अजून जागा आहे.”

राजा पोट धरून हसला. डोक्यावरचा मंदील काढला, शेला कमरेला आवळला आणि आजीच्या शेजारी मातीत मांडी घातली. रिकाम्या सिंहासनावर त्यानं तुळसाच्या आईला बसवलं.

“आणि ही हो?” पंतांनी शेवटचा डाव टाकला. “ही तर बघायलाच बसलीय!”

“ती आमची पंच,” राजा म्हणाला. “पण पंत, तुम्ही कुठल्या संघात?”

सगळं मैदान पंतांकडे पाहू लागलं. ते कुठल्याच संघात नव्हते. शिवाय उभे होते, आणि सावलीतही होते. राजानं त्यांच्याकडून तिकीट, उभं राहणं आणि सावली, तिन्हींचे दाम चढ्या दरानं वसूल केले आणि थैली तुळसाच्या ओंजळीत ओतली.

तेवढ्यात नाथा तुपाचं नाव न घेता चढाईला निघाला, दोघांना बाद करून परत आला, आणि पंतांच्या नकळत त्यांच्या दोन्ही हातांची टाळी वाजली.

“पंत,” राजा मातीतून ओरडला, “टाळीचेही काढा!”